मॅडम असल्या की कुणाला काळजी नसते

प्रश्न (थोडक्यात, ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत): वय ४४. वाशीत एका बँकेची शाखाधिकारी आहे, राहायला ठाण्यात पाचपाखाडीला. शाखेचे आकडे चांगले आहेत, ऑडिटमध्ये मोठे शेरे नसतात, घरी मुलाची दहावी आणि सासूबाईंचं औषधपाणी सगळं मार्गी लागतं. स्टाफ म्हणतो, 'मॅडम असल्या की कुणाला काळजी नसते.' प्रत्यक्षात मी पहाटे साडेतीनला दचकून उठते आणि डोकं सुरू होतं. संध्याकाळी ट्रेन तुर्भ्याला येईपर्यंत 'स्ट्राँगरूम नीट बंद केली ना' हे विचारायला कॅशियरला फोन करते, कधी दोनदा. साधा ईमेल सात-आठ वेळा वाचल्याशिवाय हातातून सुटत नाही. जबडा आणि मान दुखते, पोट बिघडतं. गेल्या मार्च क्लोजिंगला दिरांनी त्यांची अल्प्राझोलामची गोळी दिली, छान झोप लागली. आता आठवड्यातून तीन-चारदा घेते. नवऱ्याला यातलं काही ठाऊक नाही. काम तर नीट चाललंय, मग याला आजार म्हणायचं का? आणि खरं सांगायचं तर, ही धास्ती गेली तर मी ढिली पडेन अशीही भीती वाटते.

उत्तर: डॉक्टरकडे जा. बाकीचं उत्तर लांबणार आहे, म्हणून हे आधी सांगून टाकते.

पत्र वाचून निदान करायचं नसतं, ते मी करणार नाही. पण 'काम नीट चाललंय म्हणजे आजार नसणार' हा तुमचा तर्क मात्र इथेच खोडता येतो. जनरलाइज्ड अँग्झायटी डिसॉर्डर, म्हणजे सततच्या चिंतेचा विकार, ठरवताना आम्ही मानसोपचारतज्ज्ञ बघतो ते असं: किमान ६ महिने, बहुतेक दिवस, एकापेक्षा जास्त गोष्टींबद्दल आवरता न येणारी काळजी, आणि जोडीला अस्वस्थपणा, थकवा, लक्ष न लागणं, चिडचिड, अंग आखडणं, झोप बिघडणं यांपैकी किमान ३ लक्षणं. शेवटची अट अशी की यामुळे माणसाला बराच त्रास होत असावा किंवा त्याच्या कामाधामात अडथळा येत असावा. यातलं एक पुरतं. कामात एकही चूक न होता या अटींत बसणारे लोक मी वर्षानुवर्षं बघते आहे. इंटरनेटवर 'हाय फंक्शनिंग अँग्झायटी' म्हणून जे सापडतं, ते अधिकृत निदानांच्या यादीत नाही. पण त्या नावाखाली माणसं जे वर्णन करतात ते बहुतेक वेळा हेच असतं, फक्त इस्त्री केलेल्या कपड्यांत.

म्हणून मी दवाखान्यात 'काम होतं का' हे विचारतच नाही. ते करायला किती लागतं, हे विचारते. तीन ओळींच्या मेलला पाऊण तास लागतो का? रविवारी दुपारी जेवणं झाल्यावर सोमवारचं पोटात गोळा आणणं सुरू होतं का? इन्स्पेक्शन निर्विघ्न पार पडलं तर त्याचा आनंद किती वेळ टिकतो? या शेवटच्या प्रश्नावर बरेच जण हसतात. आनंद होतच नाही म्हणतात, फक्त सुटल्यासारखं वाटतं आणि घरी पोहोचेपर्यंत पुढचं काहीतरी डोक्यात शिरलेलं असतं.

तुमच्यासारखी माणसं आमच्याकडे सरळ येतही नाहीत. ऐरोलीच्या आयटी पार्कमधला मॅनेजर आधी ॲसिडिटीसाठी जातो, बेलापूरची सरकारी अधिकारी मानदुखीसाठी ऑर्थोपेडिककडे, घोडबंदर रोडवरचा कुणीतरी रात्री छातीत धडधडतंय म्हणून इमर्जन्सीत. एन्डोस्कोपी, एमआरआय, ईसीजी सगळं नॉर्मल येतं आणि मग एखादा शहाणा फिजिशियन हळूच म्हणतो, 'एकदा यांना भेटून या.' पुरुषांत आणखी एक वाट आहे, झोपेपुरते रोजचे दोन पेग. घरच्यांना ती सवय वाटते. प्रत्यक्षात ते स्वतःच स्वतःवर चालवलेले उपचार असतात, आणि फार वाईट उपचार असतात.

आता मुद्द्याचं. तुमचा तुर्भ्याचा फोन घेऊ, कारण त्यात सगळा आजार दिसतो.

ट्रेन वाशी सोडते. मनात शंका येते, छाती भरून येते, तुम्ही फोन लावता. कॅशियर म्हणतो, 'हो मॅडम, बंद केलंय.' क्षणात हायसं वाटतं. हे हायसं वाटणंच घातक आहे. मेंदू त्यातून एवढंच शिकतो की शंका आली की फोन करायचा, मग बरं वाटतं. दुसऱ्या दिवशी शंका थोडी लवकर येते. काही महिन्यांनी एका फोनने भागत नाही, दुसरा लागतो. वर्ष संपतं, स्ट्राँगरूमला काही झालेलं नसतं, आणि त्याचं श्रेय मनात कुणाला मिळतं? फोनला. ती सुरक्षित राहिली ती दोन किल्ल्या दोन वेगळ्या माणसांकडे असतात म्हणून, रजिस्टरवर दोन सह्या होतात म्हणून आणि तुमचा कॅशियर चोख आहे म्हणून. कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहत नाही, हे आपल्याला ठाऊक असतं. पण आयुष्यात एकदाही कोंबडं झाकून बघितलेलं नसेल, तर त्यानेच उजाडतं असं वाटत राहणार. तुम्ही फोन न केलेली संध्याकाळच गेल्या कित्येक महिन्यांत बघितलेली नाही.

मेलचं तेच, मुलाच्या दहावीचं तेच, प्रमोशनचंही तेच. प्रत्येक यशाची पावती काळजीच्या नावावर फाटते, तुमच्या नावावर काही जमाच होत नाही. १९७८ मध्ये पॉलिन क्लान्स आणि सुझान आइम्स या दोन अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी कर्तबगार स्त्रियांवर लिहिताना हे नोंदवलं होतं: या बाया आपलं यश नशिबावर किंवा जादा मेहनतीवर ढकलतात आणि कधीतरी आपण उघडे पडू, या धाकात राहतात. म्हणून चाळिशीतल्या, वीस वर्षं नोकरी झालेल्या बाईलाही आतून अजून प्रोबेशनवर असल्यासारखं वाटतं.

'मी ढिली पडेन' ही भीती याच हिशेबातून आलेली आहे. ताण असला की काम चांगलं होतं, असं म्हणणारे लोक अनेकदा यर्क्स आणि डॉडसन यांच्या १९०८ च्या प्रयोगाचा दाखला देतात. तो प्रयोग उंदरांवरचा होता, विजेचे धक्के देऊन त्यांना फरक ओळखायला शिकवण्याचा. आणि त्यातली लोक विसरतात ती गोष्ट अशी की काम जितकं अवघड, तितका कमी धक्का उपयोगी पडला. उंदरांवरून बँक मॅनेजरबद्दल फार काही ठरवू नये, पण हा दाखला द्यायचाच असेल तर पूर्ण द्यावा. कर्जाचा किचकट प्रस्ताव तपासताना भेदरलेल्या डोक्यापेक्षा शांत डोकं जास्त बघतं.

बऱ्या झालेल्या लोकांत मला काय दिसतं ते सांगते. त्यांचा काटेकोरपणा जात नाही, तो त्यांच्या स्वभावातच असतो. वागण्यात मात्र फरक पडतो: ते मेल आठव्यांदा वाचत नाहीत, रात्री साडेदहाला स्टाफच्या ग्रुपवर मेसेज टाकत नाहीत, दुसऱ्याचं काम आपल्याकडे ओढून घेत नाहीत. हे सगळ्यांना आवडतं असं नाही. ज्यांची कामं तुम्ही निमूट करत होतात, त्यांना 'मॅडम बदलल्या' असं नक्की वाटेल. ती तक्रार ऐकून परत पहिल्यासारखं वागू नका.

पहाटे साडेतीनचं थोडक्यात. गाढ झोप रात्रीच्या पहिल्या भागात जास्त असते, नंतर झोप पातळ होत जाते आणि पहाटेकडे शरीरात कॉर्टिसॉल हे ताणाचं संप्रेरक चढू लागतं. त्या वेळी जाग येणं फार जणांना होतं. त्रास होतो तो त्यानंतर मोबाईल उचलून मेल बघण्याने. घड्याळही बघू नका. वीसेक मिनिटांत झोप आली नाही असं वाटलं, तर उठून बाहेरच्या खोलीत मंद दिव्यात काहीतरी कंटाळवाणं वाचा.

डोक्यावर सगळं ढकलण्याआधी शरीराची तपासणी हवी. थायरॉइड ग्रंथी गरजेपेक्षा जास्त काम करत असेल तर हुबेहूब असंच होतं: धडधड, घाम, झोप उडणं. टीएसएच, म्हणजे थायरॉइडची रक्ततपासणी, आणि हिमोग्लोबिन बघून घ्या. ४४ व्या वर्षी पाळी अनियमित होऊ लागली असेल, अंगातून वाफा निघत असतील, तर स्त्रीरोगतज्ज्ञांनाही विचारा, कारण रजोनिवृत्तीच्या आधीच्या काळात चिंता आणि निद्रानाश दोन्ही वाढतात. दिवसाचे चहा मोजा. बँकेत येणारा प्रत्येक मोठा खातेदार चहा घ्यायला लावतो, तेही धरून मोजा. आणि छातीत दुखलं, हातात किंवा जबड्यात कळ गेली, दम लागला, तर 'ही आपली नेहमीची अँग्झायटी' म्हणून घरी बसू नका. आधी ईसीजी. कुलूप, किल्ली, मेल यांची परत परत तपासणी खूप वाढलेली असेल तर तो ओसीडीचा, म्हणजे नको असलेले विचार आणि त्यापोटी पुन्हा पुन्हा तीच कृती करण्याच्या आजाराचा, प्रकार आहे का, हेही डॉक्टर बघतील. त्याचे उपचार थोडे वेगळ्या अंगाने जातात.

उपचारांत बोलण्याचे उपचार आधी. सीबीटी, म्हणजे विचार आणि वागणं दोन्हीवर काम करणारी पद्धत, या त्रासावर चांगली तपासली गेलेली आहे. त्यात तत्त्वज्ञान कमी आणि गृहपाठ जास्त असतो. तुमच्यासाठी पहिला गृहपाठ मी असा दिला असता.

बँकेच्या नियमात जेवढी तपासणी आहे तेवढी करायची. त्यावरची सगळी तुमच्या धास्तीची आहे, ती कमी करायची. सुरुवातीला आठवड्यातला एकच दिवस, समजा मंगळवार. निघण्यापूर्वी डायरीत लिहायचं: 'आज फोन केला नाही तर काय होईल? ते होण्याची शक्यता किती टक्के?' मग फोन पिशवीत. तुर्भ्याला अस्वस्थता चढेल, कोपरखैरणे-घणसोलीपर्यंत आणखी वाढेल. वाढू द्या. तिला खाली यायला कुणाच्या उत्तराची गरज नसते, थोडा वेळ लागतो. कदाचित ऐरोलीला उतरू लागेल, कदाचित पहिल्या मंगळवारी ठाणं आलं तरी उतरणार नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी शाखेत गेल्यावर त्याच पानावर काय झालं ते लिहायचं. काही आठवडे गेले की तुमच्याच अक्षरात पुरावा जमतो, आणि बँकेतल्या माणसाला लेखी पुराव्याचं महत्त्व मी सांगायला नको.

यात चोरवाटा फार असतात. फोन करायचा नाही म्हणून कॅशियरला व्हॉट्सॲपवर 'पोहोचलात का सुखरूप?' असं विचारायचं आणि त्याच्या उत्तराच्या सुरावरून अंदाज घ्यायचा, हा फोनच झाला. मनातल्या मनात ग्रिल बंद करतानाचं चित्र चारदा फिरवून बघणं, हाही फोनच. हुशार माणसांना या वाटा लवकर सापडतात.

मेलसाठी: शाखेअंतर्गतच्या मेलपासून सुरुवात. एकदा वाचायचा, पाठवायचा. दोन आठवड्यांनी एखाद्या मेलमध्ये मुद्दाम एक किरकोळ टायपो राहू द्या. बिनमहत्त्वाचा मेल निवडा, आकड्यांचा नको. हा सल्ला ऐकून तुमच्या पोटात आत्ता जे झालं, त्यासाठीच तो आहे.

दुसरी गोष्ट, काळजीची वेळ ठरवणं. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ थॉमस बोर्कोव्हेक यांनी १९८० च्या दशकात मांडलेली ही युक्ती ऐकायला पोरकट वाटते. रोज ठरलेल्या जागी, ठरलेल्या वेळी, वीस मिनिटं फक्त काळजी करायची. जेवणाआधी बरं, बिछान्यात कधीच नाही. दिवसभरात काळजी डोकावली की एका शब्दात टिपून ठेवायची आणि त्या वीस मिनिटांवर ढकलायची. त्या वेळी वही उघडून बघायचं: यातलं उद्या काही करण्याजोगं आहे का? असेल तर काय आणि किती वाजता, ते लिहायचं. उरलेल्या निव्वळ जर-तर असतात. 'रिझर्व्ह बँकेने पेनल्टी लावली तर', 'मुलाला ऐंशीच टक्के पडले तर'. त्यांना उत्तर शोधायचं नाही, नुसतं वाचायचं. बऱ्याच जणांना संध्याकाळपर्यंत निम्म्या टिपणांचा अर्थच लागत नाही.

व्यायाम आणि संथ श्वास यांचा उपयोग आहे. पण तलावपाळीला भराभरा फेऱ्या मारत कानात रिकव्हरीचा कॉल चालू असेल, तर त्याला मी व्यायाम धरत नाही.

आता ती गोळी. तुमच्या पत्रातली मला सर्वांत जास्त खटकलेली गोष्ट हीच. अल्प्राझोलाम बेन्झोडायझेपिन गटातलं औषध आहे. ते अर्ध्या-पाऊण तासात शांत करतं, म्हणूनच ते जडतं. काही तासांनी असर उतरला की चिंता आधीपेक्षा जोरात उसळू शकते, आणि मग माणूस म्हणतो, 'बघा, गोळीशिवाय माझं काही खरं नाही.' हळूहळू तेवढ्याच झोपेला जास्त गोळी लागते. हे औषध शेड्यूल एच-१ या कडक नियंत्रणाच्या यादीत आहे, केमिस्टला चिठ्ठीची आणि रुग्णाची नोंद वेगळ्या रजिस्टरमध्ये ठेवावी लागते. दिरांच्या चिठ्ठीवर तुम्ही ते घेणं दोघांसाठीही बरं नाही. मात्र हे वाचून उद्यापासून झटकन बंदही करू नका, विशेषतः घेण्याचं प्रमाण रोजच्यावर आलं असेल तर. एकदम तोडल्याने भयंकर अस्वस्थता येते, क्वचित फिटसुद्धा येते. किती, केव्हापासून, हे डॉक्टरला खरं सांगा. ते टप्प्याटप्प्याने उतरवून देतील. तोवर ही गोळी आणि दारू कधीच एकत्र नको.

सतत टिकणाऱ्या चिंतेवर जी औषधं आम्ही वापरतो ती वेगळी, एस्सिटॅलोप्राम किंवा सर्ट्रालिनसारखी. ती लागू व्हायला २ ते ४ आठवडे लागतात, कधी जास्त. पहिल्या आठवड्यात मळमळ, पोट बिघडणं, उलट थोडी जास्त बेचैनी होऊ शकते, आणि इथेच बरेच लोक 'मला सूट झालं नाही' म्हणून सोडतात. कमी मात्रेपासून सुरू केलं तर हे बरंच टळतं. कामेच्छेवर परिणाम होऊ शकतो, तो झाला तर लाजू नका, सांगा, पर्याय असतात. बरं वाटू लागल्यानंतरही साधारण ६ ते १२ महिने ती चालू ठेवतात आणि मग हळूहळू थांबवतात. यांची चटक लागत नाही. प्रत्येकाला औषध लागतंच असंही नाही. तुमच्या झोपेची अवस्था बघता मी त्याचा विचार नक्की केला असता.

नवऱ्याला सांगा. सगळं एका बैठकीत नको, पण गोळीबद्दल आणि पहाटेबद्दल तरी. 'मी सांगितलं तर घर डगमगेल' असं तुमच्या मनात असणार. सहसा तसं होत नाही. नवरे आधी थोडे दुखावतात, 'मला का नाही सांगितलंस' म्हणून, आणि मग फार मदत करायला लागतात. त्यातही एक अडचण आहे. 'होईल गं सगळं नीट, मी सांगतो ना' हे तुम्ही त्यांच्याकडून दिवसातून पाचदा वदवून घ्यायला लागलात, तर ते घरातले कॅशियर झाले. त्यांना आधीच सांगून ठेवा: 'मी परत परत विचारलं तर उत्तर देऊ नकोस, चहा कर.' चहा सहानंतर नको, एवढंच.

राहता राहिली लोकांनी बघण्याची भीती. अख्खा महाराष्ट्र थट्टेत 'याला ठाण्याला भरती करा' म्हणतो, आणि आपण तर ठाण्यातच राहतो. १९०१ पासून इथे मनोरुग्णालय आहे, त्याला शंभरावर वर्षं झाली, तरी ती थट्टा काही म्हातारी होत नाही. तिथेही ओपीडीत रोज कितीतरी माणसं येतात आणि औषधं घेऊन आपापल्या कामाला जातात. खासगीत जायचं असेल तर नौपाडा-पाचपाखाडीत इतके दवाखाने आहेत की तुम्ही दातांसाठी आलात की कशासाठी, हे जिना चढताना कुणाला कळत नाही. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने तुमची माहिती गुप्त ठेवण्याचा हक्क दिला आहे. जिवाला धोका किंवा कायद्याने सांगितलेले मोजके अपवाद सोडले, तर डॉक्टर तुमच्या बँकेलाही काही सांगू शकत नाही. विम्यातही मानसिक आजाराला शारीरिक आजारासारखंच धरायला हवं, असं त्याच कायद्यात आहे. पॉलिसीत ओपीडीचा खर्च बसतो का, तेवढं बघून घ्या.

पत्रात नाही, पण विचारते: कधी 'झोपावं आणि उठूच नये' असं मनात येतं का? वरून खंबीर दिसणाऱ्या माणसाला हा प्रश्न कुणी विचारत नाही. येत असेल तर अपॉइंटमेंटची वाट बघू नका, आजच घरात सांगा आणि टेलिमानस या हेल्पलाइनला १४४१६ वर फोन करा. सरकारी आहे, मोफत आहे, चोवीस तास चालतं आणि मराठीत बोलता येतं.

पहिल्या भेटीला जुने रिपोर्ट न्या, चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं न्या, दिरांनी दिलेली पट्टीसुद्धा. दोन आठवड्यांची झोपेची नोंद नेलीत तर उत्तम. आणि कृपा करून छान आवरून, फाईलला रंगीत टॅग लावून, हसतमुखाने 'तसं काही विशेष नाही डॉक्टर, काम नीट चाललंय' अशी सुरुवात करू नका. आम्हीही फसतो. साडेतीन वाजल्यापासून सांगायला सुरुवात करा.